लॉटरीचे तिकीट, शकुनाचा आकडा आणि गल्ल्याचा हिशेब

विरार किंवा नालासोपारा स्टेशनबाहेर लॉटरीच्या टपरीपुढे दहा मिनिटे उभे राहून पाहावे. तिकीट घेणारा माणूस टपरीवाल्याने पुढे केलेले पहिले तिकीट सहसा घेत नाही. तो सगळी चवड चाळतो. एकाला शेवटी ७ हवा असतो. दुसऱ्याला मुलीच्या जन्मतारखेचा आकडा हवा असतो. तिसऱ्याला ८ नको असतो, कारण तो म्हणे शनीचा आकडा. आपला एखादा बांधव शेवटचे तीन आकडे ७८६ आहेत का, एवढेच पाहत असतो. तसे तिकीट मिळाले की तो ते इतर तिकिटांपासून वेगळे करून वरच्या खिशात ठेवतो.

हाच माणूस कदाचित तासाभरापूर्वी वालीवच्या किंवा सातिवलीच्या गाळ्यात प्लास्टिकच्या दाण्याच्या भावावरून किलोमागे दोन रुपयांसाठी भांडून आलेला असतो. पाच पैशांचा फरक त्याच्या नजरेतून सुटत नाही. तो मूर्ख नाही, हे आधी सांगून ठेवले पाहिजे. मग तिकिटाच्या टपरीपुढे त्याचा हिशेब कुठे जातो? आमच्या मते तो कुठे जात नाही, त्याच्या जागी शकुन येऊन बसतो. खरेदीचा भाव विचारण्याऐवजी माणूस आकड्याचा गुण विचारू लागतो, आणि भाव विचारला नाही की कोणताही माल महागच पडतो.

आता या मालाचा भाव पाहू.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. त्याआधी दोन वर्षे केरळने १९६७ मध्ये देशातील पहिली सरकारी लॉटरी काढली होती. मुंबईत त्या काळी मटक्याने कहर केला होता. लोकांचा ओढा बेकायदा आकड्याकडून निदान सरकारी तिकिटाकडे वळावा, असाही एक हेतू त्या वेळी सांगितला गेला. मटका मात्र काही बंद पडला नाही.

मटक्याचा जन्म बाजारातूनच झाला आहे, हे व्यापारी वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भाव तारेने मुंबईत येत. भाव किती उघडला आणि किती बंद झाला, त्यातील आकड्यांवर लोक पैसे लावत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. १९६०च्या सुमारास ते भाव येणे बंद झाले, तेव्हा खेळणाऱ्यांना भाव नको होता, फक्त आकडा हवा होता हे उघड झाले. मग मडक्यातून चिठ्ठ्या काढणे सुरू झाले, पुढे पत्ते आले. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये आपापला मटका उभा केला. गिरणगावातील कामगार हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. १९८२च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले आणि तिथली कितीतरी कुटुंबे विरार, नालासोपाऱ्याकडे सरकली. माणसे आली की त्यांच्या सवयीही बरोबर येतात.

मटक्यात एका आकड्याला रुपयाला नऊ आणि जोडीला रुपयाला नव्वद असा भाव सर्वांना तोंडपाठ असतो. जोड्या किती? ०० पासून ९९ पर्यंत शंभर. समजा एखाद्याने शंभरच्या शंभर जोड्यांवर एकेक रुपया लावला. त्याची जोडी शंभर टक्के लागणार! त्याने शंभर दिले आणि नव्वद घेतले. इतका पक्का आकडा लागूनही दहा रुपये खिशातून गेले. आकडा कोणता हा प्रश्नच इथे उरत नाही. कोणी बाबाने, कोणी मस्तानाने कितीही जोड्या सांगितल्या, तरी मटकेवाल्याचा दहावा हिस्सा आधीच कापलेला असतो, आणि हा खेळ रोज दोनदा असल्यामुळे तो रोज दोनदा कापला जातो.

सरकारी तिकिटात कापणी याहून मोठी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी मार्च २०२० पासून तो २८ टक्के होता. हा कर तिकिटाच्या छापील किमतीत धरलेला असतो. म्हणजे शंभर रुपयांच्या तिकिटात २८ रुपये ५७ पैसे कर. त्यानंतर विक्रेत्याचे कमिशन, वितरकाचे कमिशन, छपाई, जाहिरात आणि सरकारचा वाटा. हे सगळे वजा जाता उरेल त्यातून बक्षिसे. कोणी घाऊक व्यापारी तुम्हाला शंभर रुपये घेऊन असा माल देऊ लागला, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी त्याचे दुकान बदलाल.

बक्षीस लागलेच तर? दहा हजारांवरच्या बक्षिसातून ३० टक्के आयकर हातात रक्कम येण्याआधीच कापून घेतला जातो, शिवाय त्यावर उपकर. इतर उत्पन्नाला करमुक्तीची जी मर्यादा असते, ती या पैशाला मिळत नाही. आणि व्यापाऱ्याला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट पुढेच आहे. वर्षभर घेतलेल्या तिकिटांचा खर्च या उत्पन्नातून वजा करता येत नाही. तुम्ही वीस हजारांची तिकिटे घेतली आणि पंधरा हजारांचे बक्षीस लागले, तर पाच हजारांचा तोटा होऊनही कर पूर्ण पंधरा हजारांवर भरावा लागतो. दुसऱ्या कोणत्या धंद्यात तोट्यावर कर भरावा लागतो?

केरळच्या २०२२च्या ओणम बम्परचे उदाहरण देशभर गाजले. तिकीट पाचशे रुपयांचे, पहिले बक्षीस पंचवीस कोटींचे. साडेसहासष्ट लाखांच्या आसपास तिकिटे विकली गेली. बक्षीस तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकाला लागले. दहा टक्के विक्रेत्याचे कमिशन आणि त्यानंतर तीस टक्के कर जाऊन पंचवीस कोटींचे पावणेसोळा कोटी उरले. त्यानंतर काही दिवसांतच मदत मागणाऱ्यांच्या रांगेने त्याला राहत्या घरातून बाहेर पडावे लागले आणि हे बक्षीस लागलेच नसते तर बरे झाले असते, असे त्याने जाहीरपणे बोलून दाखवले. पण बातमी लक्षात राहते ती त्या एका रिक्षावाल्याची. पाचशे रुपये गमावलेल्या लाखो लोकांची बातमी होत नाही. शकुनाला खतपाणी मिळते ते इथे.

आकड्याचे शकुन

शकुनांची यादी मोठी आहे आणि ती सर्व धर्मांच्या लोकांनी मिळून वाढवलेली आहे. स्वप्नात काय दिसले, त्यावरून आकडा. रस्त्यात अपघात झालेल्या गाडीचा नंबर. मयत झालेल्या माणसाचे वय. रस्त्याने जाणाऱ्या वेडसर फकिराने किती बोटे दाखवली. एखाद्या मजारीवर चादर चढवून परत येताना पहिला दिसलेला आकडा. चित्रात लपवलेला आकडा शोधायला लावणारी छापील पाने. मागच्या वर्षभराच्या निकालांचे तक्ते घेऊन त्यात आडव्या-तिरक्या रेघा मारणारे तर स्वतःला गणिती समजतात. तिकिटांची नावेही या वाऱ्यात शीड धरणारी असतात. दिवाळी, गुढीपाडवा, लक्ष्मी.

आपल्या समाजातील मोठा शकुन ७८६. या आकड्याविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. अब्जद पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला एक किंमत असते. बिस्मिल्लाहच्या पूर्ण वाक्यातील अक्षरांची बेरीज केली की ७८६ येते. पत्राच्या किंवा हिशेबाच्या कागदावर पवित्र शब्द लिहिले आणि तो कागद पायदळी गेला तर अवमान होईल, म्हणून लोक त्याऐवजी हा आकडा लिहू लागले. म्हणजे मुळात तो अदबीचा आकडा. पुढे तो नशिबाचा झाला. १९७५च्या 'दीवार' चित्रपटातील बिल्ल्याने त्यात भरच घातली. आज शेवटी ७८६ असलेल्या नोटा जपून ठेवल्या जातात, त्या चढ्या भावाने घेतो असे सांगणाऱ्या जाहिराती फिरतात. साधा हिशेब असा, की ओळीने नंबर असलेल्या दर हजार नोटांत एका नोटेच्या शेवटी ७८६ असतेच असते. शंभरची दहा कोरी बंडले घ्या, त्यात ती आहे. तिकिटाचेही तेच. शेवटी ७८६ येण्याची शक्यता हजारात एक. शेवटी १११ येण्याचीही तेवढीच, आणि ४२० येण्याचीही अगदी तेवढीच!

'हा आकडा बरेच दिवस आला नाही, आता येणारच' हा शकुन सर्वांत घातक, कारण तो शकुनासारखा दिसत नाही, हिशेबासारखा दिसतो. इटलीतील सरकारी लॉटरीत प्रत्येक शहराच्या चक्रातून नव्वदपैकी पाच आकडे काढतात. व्हेनिसच्या चक्रातून मे २००३ नंतर ५३ हा आकडा आलाच नाही. आठवडे गेले, महिने गेले. आता येणारच म्हणून लोकांनी त्यावर पैसे लावले. नाही आला, म्हणून पुढच्या वेळी दुप्पट लावले. घरे विकली गेली, कर्जे झाली, कर्जाने पिचलेल्या काहींनी जीव दिला. एकूण साडेतीन अब्ज युरोंहून अधिक रक्कम या एका आकड्यावर लागल्याचे सांगितले जाते. अखेर ९ फेब्रुवारी २००५ रोजी ५३ आला. तोपर्यंत १८२ सोडती त्याच्याविना गेल्या होत्या. चक्राला स्मरणशक्ती नसते. कालपर्यंत काय आले हे त्या गोट्यांना ठाऊक नसते, म्हणून १८३व्या सोडतीतही ५३ येण्याची शक्यता पहिल्या दिवशी होती तेवढीच होती.

ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीची कथा वेगळी आणि थोडी गमतीची आहे. ती नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाली. एकोणपन्नास आकड्यांतून सहा निवडायचे. सहाही बरोबर येण्याची शक्यता १ कोटी ३९ लाख ८३ हजार ८१६ मध्ये एक. पहिले बक्षीस जेवढे विजेते असतील तेवढ्यांत वाटले जाई. १४ जानेवारी १९९५च्या सोडतीत सहा आकडे आले, त्यांत ७ आणि १७ हे दोन्ही होते. पहिल्या बक्षिसाला एक कोटी साठ लाख पौंडांहून अधिक रक्कम होती. विजेते किती निघाले? एकशे तेहतीस! प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा लाख पौंडही आले नाहीत. सर्वांच्या आवडीचा आकडा निवडला की जिंकण्याची शक्यता कणभरही वाढत नाही, फक्त जिंकलात तर वाटेकरी वाढतात. शुभ आकडा तिथे चक्क तोट्याचा ठरतो.

आमच्या मते आकडा सांगणाऱ्या बाबाचा धंदा मात्र तोट्यात जाणे कठीण. दहा जणांना शून्य ते नऊ असे दहा वेगवेगळे आकडे सांगितले की एकाला तो लागणारच. तो एक जण मिठाईचा पुडा घेऊन येतो आणि गावभर सांगत सुटतो. उरलेले नऊ आपल्याच हातून काही चूक झाली असेल, म्हणून गप्प बसतात. या धंद्याला भांडवल लागत नाही, माल पडून राहत नाही. चमत्काराचा दावा करून लोकांकडून पैसे उकळणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी फसलेला माणूस तक्रार करायला जात नाही, कारण तक्रार लिहिताना आधी आपण जुगार खेळलो हे लिहावे लागते.

उंटाचे मांस आणि सरकारी कल्याण

लॉटरीच्या बाजूने एक मुद्दा हमखास मांडला जातो: हा पैसा शेवटी सरकारकडे जातो, त्यातून लोकांची कामे होतात, मग यात वाईट काय? हा युक्तिवाद नवा नाही. अरबस्तानात अज्ञानकाळात ज्याला मैसिर म्हणत, तो जुगार कसा चाले ते जुन्या ग्रंथकारांनी तपशिलाने लिहून ठेवले आहे. एक उंट उधारीवर घेऊन कापत. त्याच्या मांसाचे वाटे पाडत. पिशवीत दहा बाण असत. सात बाणांवर एक ते सात असे हिस्से, तीन बाण कोरे. ज्यांच्या नावाने कोरे बाण निघत त्यांना मांस मिळत नसे, उलट उंटाची किंमत मात्र त्यांनीच भरायची. आणि जिंकणारे ते मांस स्वतः खात नसत, दुष्काळाच्या दिवसांत ते गरिबांना वाटून टाकत. त्यात मोठेपणा समजला जाई. म्हणजे कल्याणनिधी त्या जुगारातही होता. कुरआनात सूरह बकराच्या २१९व्या आयतीत जुगारात लोकांसाठी काही फायदे असल्याचे मान्य केले आहे आणि त्याचे पाप त्या फायद्याहून मोठे ठरवले आहे, ते या पार्श्वभूमीवर वाचावे.

सूरह माइदाच्या ९०व्या आयतीत जुगाराच्या जोडीने शकुनाच्या बाणांचाही निषेध आला आहे. प्रवासाला किंवा सौद्याला निघण्यापूर्वी पिशवीतून बाण काढायचा. 'कर' निघाला तर करायचे, 'करू नको' निघाला तर थांबायचे. जुगार आणि शकुन एकाच आयतीत शेजारी आले आहेत. टपरीपुढे तिकिटांची चवड चाळणाऱ्या माणसाकडे पाहिले की ते शेजारी का आले असावेत, याचा थोडा अंदाज येतो.

चिठ्ठी काढणे म्हणजे मात्र जुगार नव्हे. हा घोटाळा अनेकांच्या मनात असतो. हज कमिटीकडे अर्ज जास्त आणि जागा कमी असतात, तेव्हा कुर्रा काढतात. नाव निघाले नाही म्हणून कोणाची रक्कम दुसऱ्याच्या खिशात जात नाही. वसई-विरारकरांच्या तोंडी 'लॉटरी' हा शब्द बहुतेक वेळा म्हाडाच्या घरांसाठी असतो. विरार-बोळिंजच्या घरांची सोडत ही तशीच. घर लागले नाही तर अनामत रक्कम परत मिळते, अर्जाचे शुल्क तेवढे जाते. (त्या घरांची गंमत अशी, की कितीतरी घरांना सोडतीत गिऱ्हाईकच मिळाले नाही आणि शेवटी 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' म्हणून ती विकायची पाळी आली. पाण्याची ओरड असलेल्या ठिकाणी घर घ्यायचे की नाही, हा हिशेब लोकांनी बरोबर केला. तिथे कोणी शुभ आकडा शोधत बसले नाही.) साधी भिशी घ्या. वीस जण दरमहा दोन हजार टाकतात, चिठ्ठी निघेल त्याला चाळीस हजार. पहिल्या महिन्यात मिळो की विसाव्या, शेवटी प्रत्येकाने चाळीस हजार भरलेले असतात आणि चाळीस हजार घेतलेले असतात. चिठ्ठीने ठरते ती फक्त पाळी. ज्या चिठ्ठीत एकाचे जाते म्हणून दुसऱ्याला मिळते, तिथे कुर्रा संपला आणि मैसिर सुरू झाला.

एक आकडी लॉटरीचे दिवस

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना १९९०च्या दशकातील एक आकडी लॉटरी आठवत असेल. परराज्यांच्या नावाची तिकिटे, दिवसातून कितीतरी सोडती, तिकिटाचा फक्त शेवटचा आकडा जुळवायचा. मटक्यालाच सरकारी शिक्का मारून दुकानात बसवल्यासारखे ते होते. एका राज्याला दुसऱ्या राज्याची तिकिटे बंद करता येत नव्हती. महाराष्ट्राने घातलेली तशी बंदी सर्वोच्च न्यायालयात १९८४ मध्ये टिकली नाही, कारण राज्यांच्या लॉटऱ्यांवर कायदा करण्याचा अधिकार केंद्राचा. अखेर १९९८ मध्ये केंद्राने लॉटरी नियमन कायदा केला. एका आकड्यावर बक्षीस देण्यास त्याने बंदी केली, एका लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच असे ठरवले, वर्षाला सहाहून जास्त बम्पर नकोत असे सांगितले आणि परराज्याची तिकिटे रोखण्याचा अधिकार राज्यांना दिला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: लॉटरी सरकारने चालवली म्हणून तिचे जुगाराचे स्वरूप बदलत नाही. पण २०१०च्या नियमांनी एका राज्याला सर्व योजना मिळून दिवसाला चोवीस सोडतींची मुभा दिली. एका हाताने बांधलेली गाठ दुसऱ्या हाताने सैल करण्याची सरकारची कला जुनी आहे.

कारागिराच्या बाजूने पाहिले तर आकडे लहान असतात, म्हणूनच ते दिसत नाहीत. इमिटेशन ज्वेलरीचे किंवा बॅगा शिवण्याचे काम करणारा कोणी रोज पन्नास रुपयांची तिकिटे घेतो असे धरा. महिन्याला सव्वीस दिवस धरले तर तेराशे रुपये. वर्षाचे पंधरा हजार सहाशे. मजुरीवर काम करणाऱ्याला स्वतःची वापरलेली पॉवर मशीन घेण्याच्या जवळपास नेणारी ही रक्कम आहे. बरे, मधूनमधून शंभर-दोनशेचे बक्षीस लागते, तेही पुन्हा तिकिटांतच जाते. ते घरी कोणी नेल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही. उधारीवर कच्चा माल उचलून महिन्याला व्याजासारखा वाढीव भाव भरणाऱ्या कितीतरी छोट्या कारागिरांना एवढी रक्कम रोख हातात असती, तर तोच माल स्वस्तात मिळाला असता. हा तोटा तिकिटाच्या किमतीत धरायचा राहून जातो.

दुकानदारांनी जपून राहण्याच्या दोन गोष्टी

आतापर्यंत तिकीट घेणाऱ्याविषयी लिहिले. पण आपले काही दुकानदार नकळत लॉटरी चालवणाऱ्याच्या जागी जाऊन बसतात. 'दरमहा पाचशे भरा, दर महिन्याला सोडत, नाव निघेल त्याला स्कूटर किंवा फ्रिज, पुढचे हप्ते माफ' अशा पत्रिका लग्नसराईच्या आधी बाजारात फिरतात. गिऱ्हाईक वाढवण्याचा साधा उपाय म्हणून दुकानदार त्याकडे पाहतो. कायद्याच्या दृष्टीने ही बक्षीस चिठ्ठी आहे आणि १९७८च्या केंद्रीय कायद्याने तिच्यावर पूर्ण बंदी आहे. अशी योजना चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विक्री वाढवण्यासाठी केलेली 'लकी ड्रॉ'ची जाहिरात २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत येऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. विनापरवाना लॉटरीचे कार्यालय चालवणे हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे. गिऱ्हाइकाला काही द्यायचेच असेल, तर सर्वांना सारखी सूट द्यावी. कोणी अशी योजना आधीच सुरू केली असेल, तर वकिलाचा सल्ला घेऊन ती थांबवावी आणि जमा झालेले हप्ते पावती घेऊन ज्याचे त्याला परत करावेत.

दुसरी गोष्ट फोनवर येणाऱ्या लॉटरीची. 'केबीसीची पंचवीस लाखांची लॉटरी लागली' हा निरोप बहुतेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी आलेला असतो. तिकीट घेतलेच नाही, तर बक्षीस कसे लागेल, हा प्रश्न पडण्याआधी माणसाच्या मनात एक जुनी इच्छा जागी होते, आणि निरोप पाठवणाऱ्याला तेवढेच हवे असते. मग प्रक्रियेचा खर्च म्हणून आठ हजार, कर म्हणून पंचवीस हजार, खाते उघडण्यासाठी आणखी काही, असे करत दुकानाचे खाते रिकामे होते. ७८६च्या नोटेचे लाखो रुपये देतो असे सांगून आधी 'नोंदणी फी' मागणारे याच बिरादरीतले. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नोटांच्या व्यवहारात कमिशन आणि कर मागितला जातो, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: खऱ्या बक्षिसावरचा कर बक्षिसातूनच कापला जातो, विजेत्याकडून तो आधी मागत नाहीत.

पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नये. पहिल्या काही तासांत १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला आणि आपल्या बँकेला कळवले, तर ज्या खात्यात रक्कम गेली ते गोठवण्याची संधी असते. उशीर झाला की रक्कम दहा खात्यांतून पुढे निघून जाते. आलेले निरोप, फोन नंबर, पैसे भरल्याच्या पावत्या मोबाइलमधून पुसून टाकू नयेत. घरच्यांना कळेल या भीतीने अनेकजण नेमके तेच करतात आणि पोलिसांकडे जाताना दाखवायला हातात काही उरत नाही. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यातही देता येते. वसई-विरारसाठी ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदरसह स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे त्यासाठी पालघर किंवा ठाण्याला खेटे घालण्याची गरज नाही.